भाड्याच्या खोलीतून हक्काच्या घरात : अमेरिकेतील सॉरॉरिटींची वाटचाल

लेकीच्या चॅप्टर हाऊसमध्ये पाऊल टाकले की उजव्या हाताला जिना लागतो आणि जिन्याच्या भिंतीवर, पायऱ्यांबरोबर वर चढत जाणाऱ्या चौकटी. दर वर्षाची एक चौकट. तिच्यात त्या वर्षीच्या प्रत्येक मुलीचा अंडाकृती कापलेला छोटा फोटो, खाली नाव, वरच्या रांगेत पदाधिकारी आणि मधोमध हाऊस मदर. मुली या चौकटीला 'कॉम्पोझिट' म्हणतात. ऑगस्टमधल्या ज्या दुपारी लेकीला तिथे सोडायला गेलो, त्या दुपारी एका हातात उशा आणि दुसऱ्या हातात टेबललॅम्प घेऊन मी त्या जिन्यावर थांबले आणि खालपासून वरपर्यंत चेहरे पाहत गेले. खालच्या चौकटींत गळ्यापर्यंत बंद झगे, मग कानापर्यंत कापलेले केस, मग मोत्यांच्या माळा. पोशाख बदलत होते. चेहऱ्यांचा रंग आणि आडनावांचे वळण मात्र कितीतरी पायऱ्या एकच होते. वरच्या काही चौकटींत ते बदलले, आणि शेवटून दुसऱ्या चौकटीत एक मराठी आडनाव दिसले. घराणे ओळखीचे नव्हते. तरी मी लॅम्प पायरीवर ठेवला आणि ते नाव दोनदा वाचले.

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या मुलींना घडवणाऱ्या संस्थांचे इतिहास द्यायचे ठरले, तेव्हा हा विषय मी मागून घेतला. मी स्वतः सॉरॉरिटीची सभासद नाही; त्या घराच्या मदर्स क्लबमध्ये काम करते, पडद्यांसाठी आणि भांड्यांसाठी निधी गोळा करते, इतकाच माझा अधिकार. पण १८५१ च्या मे महिन्यात जॉर्जियातल्या एका कॉलेजात या परंपरेची पहिली मंडळी जमली, त्याला २०२६ मध्ये १७५ वर्षे पूर्ण होतात. एवढ्या जुन्या संस्थेत आपल्या लेकी राहतात आणि आपल्याला तिच्याविषयी चित्रपटात दिसते तेवढेच ठाऊक असते, हे मला बरे वाटत नाही.

प्रवेश मिळाला, जागा नाही

आधी शब्दांची ओळख. सॉरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींची, ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी राष्ट्रीय संस्था. प्रत्येक विद्यापीठातली तिची शाखा म्हणजे चॅप्टर. त्या शाखेच्या मुली जिथे एकत्र राहतात, जेवतात, सभा घेतात ते चॅप्टर हाऊस. सगळ्याच शाखांना घर असते असे नाही. पण या संस्थांचा इतिहास वाचताना मला जाणवत गेले ते हे, की तो मुळात जागेचा इतिहास आहे. विद्यापीठाने मुलींना वर्गात बसू दिले. राहायचे कुठे, चार जणींनी बसून बोलायचे कुठे, याचा विचार केला नव्हता.

एक उदाहरण पुरेसे आहे. मिशिगन विद्यापीठाने १८७० साली मुलींना प्रवेश दिला. मुलींसाठी पहिली वसतिगृहे तिथे उघडली १९१५ साली. मधली ४५ वर्षे मुलींनी ॲन आर्बर गावात घरमालकिणींच्या माड्यांवर, भाड्याच्या खोल्यांत काढली. वर्गात मुलांची संख्या मोठी, शिक्षक पुरुष, वादसभा पुरुषांच्या, आणि मुलांची बंधुमंडळे, म्हणजे फ्रॅटर्निटी, तर अर्थातच पुरुषांची. अशा वेळी चार मुली एका खोलीत जमून दार लावून घेत असतील, तर ते कशासाठी, हे शिक्षणासाठी घर सोडलेल्या कोणाही बाईला सांगावे लागणार नाही.

पहिल्या सभा

आरंभ मात्र मुलींच्याच कॉलेजात झाला. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचे वेस्लियन कॉलेज १८३६ साली सनद मिळवून स्त्रियांना पदवी देण्यासाठी स्थापन झाले. या बाबतीत ते जगातले पहिले मानले जाते. तिथे १५ मे १८५१ रोजी युजीनिया टकर आणि तिच्या मैत्रिणींनी 'अडेल्फियन सोसायटी' स्थापली. पुढच्याच वर्षी, मार्च १८५२ मध्ये, 'फिलोमॅथियन सोसायटी' निघाली. या दोन मंडळांतून आजच्या अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू या संस्था उभ्या राहिल्या. दोन्हींचे मूळ काम निबंध वाचणे, वाद करणे, एकमेकींची भाषा सुधारणे असे होते. इतिहास पूर्ण सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्या वेळी जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर होती, आणि त्या वर्गातल्या मुली गोऱ्या घरांतल्या होत्या. अक्षरओळख हा गुन्हा ठरलेल्या मुली त्याच गावात, त्यांच्याच घरांत राबत होत्या.

राष्ट्रीय संस्थेची कल्पना उगवली ती उत्तरेत, इलिनॉय राज्यातल्या मॉनमथ कॉलेजात. २८ एप्रिल १८६७ रोजी बारा मुली मेजर जेकब होल्ट यांच्या घरातल्या एका खोलीत जमल्या. ती खोली त्यांच्यापैकी दोघींनी, एडा ब्रूएन आणि लिबी ब्रूक यांनी, भाड्याने घेतली होती. म्हणजे जी संस्था पुढे देशभर घरे बांधणार होती, तिचा जन्म दोन मुलींच्या भाड्याच्या खोलीत झाला. मंडळाचे नाव 'आय. सी. सोरोसिस', खूण सोन्याचा बाण. आपले मंडळ एका कॉलेजापुरते ठेवायचे नाही, हे त्यांनी पहिल्यापासून मनात धरले होते. १८६८ साली लिबी ब्रूक आयोवा वेस्लियन कॉलेजात शिकायला गेली आणि तिथे तिने दुसरी शाखा काढली. १८८८ मध्ये या मंडळाने पाय बीटा फाय हे ग्रीक नाव घेतले. ते होल्ट हाऊस पुढे संस्थेने विकत घेऊन दुरुस्त केले.

त्याच मॉनमथमध्ये ऑक्टोबर १८७० मध्ये सहा मुलींनी कॅपा कॅपा गॅमा सुरू केली. त्यांची खूण सोन्याची किल्ली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या कॉलेजसमोर त्या या किल्ल्या मिरवत आत आल्या. शब्द न बोलता केलेली ती घोषणा होती.

त्याआधी काही महिने, २७ जानेवारी १८७० रोजी, इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसलमध्ये कॅपा अल्फा थीटा स्थापन झाली होती. ग्रीक अक्षरांचे नाव घेऊन जन्मलेली ही स्त्रियांची पहिली संस्था. तिथल्या इंडियाना ॲस्बरी विद्यापीठाने (आताचे डीपॉ विद्यापीठ) १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला होता. त्या पहिल्या तुकडीतली बेटी लॉक ही गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी. एका बंधुमंडळातल्या मित्राने तिला आपल्या मंडळाची पिन मिरवायला देऊ केली. बेटीने विचारले, पिनेबरोबर सभासदत्व मिळणार का? ते मिळणार नव्हते. मंडळाने तिचा मान राखायचा म्हणून केक ठेवायची चांदीची परडी भेट दिली. बेटीने ती ठेवून घेतली आणि ॲलिस ॲलन, बेटी टिप्टन, हॅना फिच या मैत्रिणींना जमवून स्वतःचे मंडळ काढले. मागितले होते सभासदत्व, मिळाली परडी, आणि त्यातून उभी राहिली संस्था. आपल्याकडच्या किती स्त्री-संस्थांचे मूळ अशाच एखाद्या नकारात सापडेल!

सिरॅक्यूज : शब्द आणि वास्तू

न्यूयॉर्क राज्यातले सिरॅक्यूज विद्यापीठ १८७० साली निघाले ते मुलगे-मुली दोघांसाठी. तिथे १८७२ मध्ये दहा मुलींनी अल्फा फाय स्थापली. दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १८७४ रोजी, हेलन डॉज, फ्रान्सिस हेवन, ॲडलाइन कर्टिस आणि मेरी बिंगहॅम या चौघींनी गॅमा फाय बीटा काढली. फ्रान्सिस ही नव्या कुलगुरूंची मुलगी. या मुलींना सभेसाठी आपली अभ्यासिका उघडून देणारे प्राध्यापक ब्राउन यांची आठवण म्हणून त्यांनी संस्थेचे रंग तपकिरी छटांचे घेतले. जागा देणाऱ्याचे ऋण त्यांनी असे कायमचे अंगावर वागवले.

तोपर्यंत या सगळ्या मंडळांना स्त्रियांची फ्रॅटर्निटी असेच म्हणत, म्हणजे स्त्रियांचे बंधुमंडळ. १८८२ च्या सुमारास सिरॅक्यूजचे लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांना ते खटकले. लॅटिनमध्ये 'फ्रातेर' म्हणजे भाऊ, 'सोरोर' म्हणजे बहीण. त्यावरून त्यांनी गॅमा फाय बीटासाठी 'सॉरॉरिटी' हा शब्द सुचवला. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. संस्कृतातला 'भ्रातृ' आणि लॅटिन 'फ्रातेर', तसेच 'स्वसृ' आणि 'सोरोर' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. सॉरॉरिटीला आपला साधा प्रतिशब्द भगिनीमंडळ हाच. काही जुन्या संस्था कागदोपत्री आजही स्वतःला 'स्त्रियांची फ्रॅटर्निटी' म्हणवतात, कारण त्या नव्या शब्दाहून वयाने मोठ्या आहेत.

याच गावात १८८६ साली अल्फा फायच्या मुलींनी युनिव्हर्सिटी प्लेस या रस्त्यावर आपल्या मालकीचे घर बांधायला घेतले. स्त्रियांच्या अशा संस्थेने स्वतः बांधलेले हे पहिले चॅप्टर हाऊस मानतात. अमेरिकेत स्त्रीला अजून राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हते. ते मिळायला आणखी ३४ वर्षे लागायची होती. अशा काळात विद्यार्थिनींनी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलींनी संस्था नोंदवली, वर्गणी जमवली, कर्ज काढले, जमीन घेतली, पाया घातला.

१८८६ हे साल मराठी वाचकाच्या मनात वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. त्याच वर्षी ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या. रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकाभर हिंडल्या. अमेरिकन स्त्रियांनी मंडळे काढून, एकत्र येऊन काय काय उभे केले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १८८९ च्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या मराठी ग्रंथात लिहिले. त्या प्रवासात ज्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला त्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड या अल्फा फायच्या सभासद. संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १८८९ मध्येच रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, तेही अमेरिकेत जमलेल्या निधीच्या आधारावर. सिरॅक्यूजची मुलगी आणि मुंबईची विधवा यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचा फरक होता. पण शिकणाऱ्या बाईला आधी डोक्यावर छप्पर हवे, हे दोन्हीकडच्या बायकांना त्याच काळात उमगले होते.

घराचा कारभार

चॅप्टर हाऊस चालते कसे, हे आपल्या पालकांपैकी अनेकांना माहीत नसते. घराची मालकी बहुधा माजी सभासदांच्या एका स्वतंत्र मंडळाकडे असते. त्याला हाऊस कॉर्पोरेशन म्हणतात. जमीन, कर्ज, विमा, छपराची गळती हे त्यांच्याकडे. राहणाऱ्या मुली खोलीभाडे आणि जेवणाचे पैसे भरतात. घरात न राहणाऱ्या सभासदही घरासाठी काही रक्कम देतात. मुलींमधून दरवर्षी अध्यक्ष, खजिनदार, घरप्रमुख निवडल्या जातात. सोमवारी रात्री सगळ्या जणी एकत्र जेवतात आणि नंतर चॅप्टरची सभा भरते, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. वीस वर्षांची मुलगी तिथे अंदाजपत्रक मांडते, आक्षेपांना उत्तर देते, मतदान घेते. जिने माहेरी कधी वीजबिल हातात धरले नव्हते, तिला मी वर्षाच्या बॉयलर-दुरुस्तीचा हिशेब तोंडपाठ सांगताना ऐकले आहे.

हाऊस मदर हे पद जुने. पूर्वी बहुधा कोणी प्रौढ विधवा बाई घरात राहून देखरेख करी. आता तिला हाऊस डायरेक्टर म्हणतात, पण मुलींच्या तोंडी जुने नाव टिकून आहे. आजारी मुलीला सूप नेऊन देणे, रात्री कुलूप पाहणे आणि आईच्या फोनला उत्तर देणे ही कामे नाव बदलल्याने बदललेली नाहीत.

मध्यपश्चिमेतल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर 'स्लीपिंग पोर्च' असे. खोल्या अभ्यासाच्या आणि कपड्यांच्या. झोपायला मात्र सगळ्यांनी एका लांबलचक दालनात जायचे. तिथे दुमजली खाटांच्या रांगा. मोकळी हवा प्रकृतीला चांगली, या समजुतीने भर हिवाळ्यातही खिडक्या उघड्या. आत दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही. आमच्या घरातल्या त्या दालनात आता रिकाम्या सुटकेसी ठेवतात. मी एकदा पडद्यांची मापे घ्यायला वर गेले होते. खिडकीच्या लाकडी चौकटीवर अजून जुने आकडे आहेत, एकेका खाटेचे. ज्या मुलींनी तिथे घोंगड्यांत गुरफटून हिवाळे काढले, त्यांच्यातल्या कितीजणी घरच्या एकुलत्या एक शिकलेल्या मुली असतील, असे वाटून मी ते आकडे बोटाने पुसले. त्यांच्यावर धूळ होती.

घरापलीकडचे कामही या संस्थांनी मनावर घेतले. पाय बीटा फायने १९१२ साली टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या गॅटलिनबर्ग गावी शाळा उघडली. मुलांना अक्षरे शिकवता शिकवता तिथल्या बायकांच्या विणकामाला बाजार मिळवून दिला. त्या कामातून वाढलेली ॲरोमॉन्ट ही हस्तकलेची शाळा आजही चालू आहे.

दार आणि उंबरठा

संस्था वाढल्या तशा त्यांच्यात चढाओढ लागली. कॉलेजात नाव घालण्याआधीच मुलींना आपल्याकडे ओढण्यापर्यंत मजल गेली. हे आवरायला २४ मे १९०२ रोजी शिकागोत संस्थांच्या प्रतिनिधी जमल्या. आजच्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सचा तो आरंभ. तिच्यात आज २६ संस्था आहेत. नव्या मुलींची निवड करण्याच्या पद्धतीला 'रश' म्हणत, आता 'रिक्रूटमेंट' म्हणतात. मुली घराघरांत जाऊन भेटतात, घरे मुलींची यादी करतात, शेवटी मुलीला आमंत्रण येते, ते 'बिड'.

या निवडीतच संस्थेची सर्वात मोठी चूक घडली. ज्या मुलींना एकेकाळी पिन देऊ केली पण सभासदत्व नाकारले, त्यांच्याच वारसदारांनी दुसऱ्या मुलींना पिनही नाकारली. ज्यू, कॅथलिक आणि कृष्णवर्णीय मुलींसाठी बहुतेक दारे बंद होती. कुठे लेखी नियमाने, कुठे न लिहिलेल्या. ज्यू मुलींनी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मल कॉलेजात आयोटा अल्फा पाय आणि १९०९ मध्ये बार्नार्ड कॉलेजात अल्फा एप्सिलॉन फाय या आपल्या संस्था काढल्या. काही कॉलेजांनी तर सॉरॉरिटीच नको म्हटल्या. ज्या वेस्लियन कॉलेजात परंपरा जन्मली, तिथेच १९१४ साली सॉरॉरिटी बंद केल्या गेल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात जागा थोड्या आणि इच्छुक मुली फार. नकार मिळालेल्या मुलींचे दुःख आणि गटबाजी वाढत गेली, आणि १९४४ साली विश्वस्तांनी तिथल्या सॉरॉरिटी बंद केल्या.

१९५६ मध्ये कॉर्नेल आणि टफ्ट्स इथल्या सिग्मा कॅपाच्या शाखांनी कृष्णवर्णीय मुलींना घेतले, तर राष्ट्रीय संस्थेने त्या शाखांचीच मान्यता काढून घेतली. मुलींनी दार उघडले होते. ते लावले वडीलधाऱ्यांनी. हाच प्रकार कितीतरी वर्षांनी अलाबामा विद्यापीठात उघड झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये 'द क्रिमझन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापले, की उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय मुलीला घ्यायची सभासद मुलींची इच्छा असूनही माजी सभासदांनी ते होऊ दिले नाही. बातमी देणाऱ्यांत सॉरॉरिटीच्या मुलीच होत्या. विद्यार्थी आणि प्राध्यापक मोर्चाने चालत गेले, विद्यापीठाने निवड पुन्हा खुली केली आणि अनेक कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणे गेली. व्हिव्हियन मलोन ही कृष्णवर्णीय मुलगी या विद्यापीठात शिकायला आली त्याला तेव्हा ५० वर्षे झाली होती. हे प्रकरण स्मरणिकेतून गाळावे असे काहींना वाटेल. मला वाटते, ज्या मुलींनी आपल्याच घराविरुद्ध साक्ष दिली, त्यांचे नाव घराच्या इतिहासात संस्थापिकांच्या शेजारी असले पाहिजे.

हॉवर्डच्या मुली

वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठही १८६७ चेच, म्हणजे होल्ट हाऊसमधल्या त्या सभेच्या वर्षाचे. तिथल्या मायनर हॉल या वसतिगृहात १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमनच्या पुढाकाराने नऊ मुलींनी अल्फा कॅपा अल्फा स्थापली. कृष्णवर्णीय स्त्रियांची ही पहिली सॉरॉरिटी. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांच्यातल्याच २२ जणींनी वेगळे होऊन डेल्टा सिग्मा थीटा काढली. त्यांचे पहिले सार्वजनिक काम कोणते? ३ मार्च १९१३ रोजी, वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, राजधानीत निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या मिरवणुकीत चालणे. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे अशी आयोजकांकडून कुजबुज होती. रस्त्यावर टवाळखोरांनी मिरवणुकीवर धाव घेतली होती. तरी त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पुढारी मेरी चर्च टेरेल यांच्यासह चालल्या. त्या २२ जणींतल्या बर्था पिट्स कॅम्पबेल १९८१ साली, वयाच्या नव्वदीनंतर, हजारो डेल्टा सभासदांच्या पुढे पुन्हा त्याच रस्त्याने निघाल्या.

१९२० मध्ये हॉवर्डलाच झीटा फाय बीटा आणि १९२२ मध्ये इंडियानापोलिसमध्ये सात शिक्षिकांनी सिग्मा गॅमा ऱ्हो स्थापली. इंडियानात तेव्हा वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनचा अंमल ऐन भरात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सात जणींचे धैर्य कळते. गोऱ्यांच्या विद्यापीठांत या मुलींना जागेचा प्रश्न अधिक टोचत होता. आयोवा विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून १९१९ साली राज्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्लबांनी वर्गणी काढून आयोवा सिटीत एक घर विकत घेतले आणि मुलींना राहायला दिले. वसतिगृहाचे दार उघडले १९४६ मध्ये.

अल्फा कॅपा अल्फाच्या पहिल्या नऊ जणींतल्या लूसी स्लो १९२२ मध्ये हॉवर्डच्या पहिल्या महिला अधिष्ठाता झाल्या आणि त्यांच्या आग्रहातून १९३१ साली मुलींसाठी वसतिगृहांचे स्वतंत्र संकुल उभे राहिले. विद्यार्थिनी असताना त्यांनी मैत्रिणींसाठी मंडळ काढले. अधिकार हाती येताच सगळ्यांसाठी घर बांधले. १९३५ ते १९४२ या वर्षांत याच संस्थेने डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली मिसिसिपीत उन्हाळी आरोग्य मोहीम चालवली. मळेवाले मजुरांना दवाखान्यात येऊ देत नव्हते, तर या बायकांनी आपल्या मोटारींत दवाखाना घालून मळ्यांवर नेला. राजकारणातल्या शर्ली चिझम डेल्टाच्या, कमला हॅरिस अल्फा कॅपा अल्फाच्या. या संस्थांत सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. साठीतल्या बायकाही आपल्या शाखेत हिरिरीने काम करतात.

कसोटी आणि नवे अंकुर

शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा टायटल नाइन कायदा १९७२ साली आला, तेव्हा केवळ मुलींच्या संस्थांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९७४ च्या दुरुस्तीने सॉरॉरिटी आणि फ्रॅटर्निटींना सभासदत्वापुरती सूट मिळाली. दुसरी कसोटी हेझिंगची, म्हणजे नव्या सभासदांचा छळ करून त्यांना 'आपले' करून घेण्याच्या रीतीची. तिने ग्रीक संस्थांत जीव घेतले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अशा घटनांची नोंद विद्यापीठांनी जाहीर करावी असा केंद्रीय कायदा झाला. पालक म्हणून माझे सांगणे एवढेच, की घर निवडताना मुलीने सजावट पाहण्याआधी ती नोंद वाचावी.

घरे मिळत नव्हती त्यांनी नवी मंडळे काढण्याची रीत पुढेही चालू राहिली. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात लॅटिन अमेरिकन मुलींनी लॅम्डा थीटा अल्फा सुरू केली. आणि १९९८ च्या शेवटच्या दोन महिन्यांत, टेक्सासमध्ये ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो अशा दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सॉरॉरिटी जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या. एकीकडे आई-वडिलांची चिंता, दुसरीकडे कॉलेजातला एकटेपणा, या दोन्हींच्या मधे उभ्या असलेल्या त्या मुलींना आपापल्या गावात एकच उपाय सुचला. तो बारा मुलींना १८६७ मध्ये सुचला होता तोच.

ऋणनिर्देश

संस्थेच्या इतिहासाचा शेवट आभारांनी करायचा असतो. संस्थापिकांचे, देणगीदारांचे, हाऊस कॉर्पोरेशनच्या बायकांचे आभार अनेकजणी मानतात. मला आणखी काहीजणींचे ऋण नोंदवायचे आहे. मॉनमथला दोन मुलींना खोली देणाऱ्या घराचे. ॲन आर्बरच्या ज्या घरमालकिणींनी मुलींना माडी भाड्याने दिली त्यांचे. बिड न मिळालेल्या आणि म्हणून स्वतःचे मंडळ काढणाऱ्या मुलींचे. आणि स्वयंपाकघरातल्या बायकांचे. दक्षिणेतल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णीय बायका होत्या. ज्या जेवणघरात त्यांनी रोज वाढले तिथे त्यांच्या मुलींना बसायला खुर्ची नव्हती.

आमच्या घरात गेली अनेक वर्षे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी माझ्या लेकीसाठी, ती मांस खात नाही हे कळल्यावर, सोमवारच्या जेवणात वरण करायला शिकून घेतले. फोनवर मी फोडणीची कृती सांगत होते आणि त्या जिरे तडतडल्याचा आवाज मला ऐकवत होत्या. जिन्यावरच्या एकाही चौकटीत स्वयंपाकीण नाही. वसंतात मदर्स क्लबच्या सभेत मी हा विषय मांडला आणि मुलींनी तो सोमवारच्या सभेत मंजूर केला. यंदाच्या चौकटीत हाऊस मदरच्या शेजारी एक अंडाकृती जागा वाढवली आहे. त्या बाईंनी फोटोसाठी निळा झगा निवडला आहे, आणि खाली नाव पूर्ण छापायचे, असे बजावून सांगितले आहे.